एक फूट रुंदीची टाकी आणि दीड फुटाचा मासा

शोभिवंत माशांच्या दुकानात मिळणाऱ्या तयार टाक्यांची लांबी दोन, तीन किंवा फार तर चार फूट असते. रुंदी मात्र बहुतेक वेळा एक फूट, क्वचित सव्वा किंवा दीड फूट. टाकी दिवाणखान्याच्या भिंतीलगत बसावी, येण्याजाण्याच्या वाटेत येऊ नये, या सोयीने ही मापे ठरलेली आहेत. एक फूट म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर. ऑस्कर जातीचा मासा नीट खायला मिळाले तर वर्ष-दीड वर्षात तेवढा लांब होतो. अरोवाना त्याच्या दुप्पट वाढतो. रेडटेल कॅटफिश एक मीटरच्या पुढे जातो. टाकीच्या रुंदीपेक्षा माशाची लांबी जास्त झाली की वळताना त्याला अंग मुडपावे लागते, आणि पुढे पुढे ते मुडपूनही भागत नाही. हे समजायला जीवशास्त्र शिकावे लागत नाही, मोजपट्टी पुरते. तरीही आपल्याकडच्या कितीतरी घरांत, हॉटेलांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत आणि दुकानांच्या गल्ल्यामागे अशा टाक्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत असा एक नव्हे, तर तीन-चार मासे आहेत.

मी बरीच वर्षे मासे पाळतो आणि या छंदावर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे. टाकीत किती मासे ठेवावेत याविषयी आपल्याकडे थोडेफार बोलले जाते, पण त्या बोलण्यात मासा म्हणजे दोन इंची गप्पी किंवा मोली असा गृहीतभाव असतो. मोठा मासा लहान टाकीत ठेवणे हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, कारण त्यात चूक कालांतराने सुधारत नाही, वाढत जाते. आज टाकी पुरेशी वाटते, सहा महिन्यांनी ती अपुरी होते, दोन वर्षांनी ती त्या प्राण्याचा छळ करू लागते, आणि या सगळ्या काळात मालकाने वेगळे काहीच केलेले नसते. तो रोज प्रेमाने खाऊ घालतच असतो.

या गोष्टीची सुरुवात विक्रीपासून होते. दुकानात 'शार्क' म्हणून दोन-तीन इंचांचे, चंदेरी-राखाडी, सतत धावणारे मासे विकतात. शार्कशी त्यांचे काही नाते नाही. तो मुळात आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला पंगस आहे. मासळी बाजारात हाच पंगस दीड-दोन किलोचा कापून विकला जातो आणि त्याच्या आकाराचे कोणालाही नवल वाटत नाही. 'पिरान्हा' म्हणून जे लाल पोटाचे पिल्लू विकले जाते, ते बहुतेक वेळा पाकू असते, म्हणजे मासळी बाजारातला रूपचंद. 'काच साफ करणारा' म्हणून जो सकर मासा गळ्यात मारला जातो, तो ४० ते ५० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळ खाण्यापेक्षा विष्ठाच अधिक करतो. एकाच रस्त्याच्या एका बाजूला जो मासा किलोच्या भावाने मिळतो, त्याचेच पिल्लू दुसऱ्या बाजूला टेबलावरच्या टाकीसाठी विकले जाते, आणि घेणाऱ्याला या दोन गोष्टींचा संबंध कोणी सांगत नाही. सगळे दुकानदार लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. काही जण माप विचारतात, नको म्हणतात. पण ग्राहक विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही, हीच सर्वसाधारण रीत आहे.

या रीतीला आधार देणारा एक समज फार खोलवर रुजला आहे, तो असा की मासा टाकीच्या आकाराएवढाच वाढतो. हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते ज्या शांतपणे उच्चारले जाते त्याने मला दरवेळी अस्वस्थ वाटते. लहान टाकीत मासा लहान राहिलेला दिसतो, हे निरीक्षण पुष्कळदा खरे असते. पण तो राहतो कारण त्याची वाढ खुंटलेली असते. पाण्यात साचणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये, अपुरा प्राणवायू, सततचा ताण आणि हालचालीचा अभाव यांनी ती खुंटते. अशा माशाचा कणा वाकतो, डोळे शरीराच्या मानाने मोठे दिसू लागतात, प्रतिकारशक्ती घटते, आयुष्य कमी होते. गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. साधा, लांबट अंगाचा गोल्डफिश २५-३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो आणि चांगल्या पाण्यात दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. आपल्याकडे तो भांड्यात सहा महिने जगला तरी 'बराच टिकला' असे म्हणतात. जो प्राणी आपल्या आयुष्याचा विसावा-तिसावा हिस्सा जगून मेला, त्याविषयी आपण हे समाधान व्यक्त करतो, याचा विचार व्हायला हवा.

आता पाण्याचे गणित. माशांची घनता ठरवताना छंदिष्टांमध्ये एक जुना अमेरिकी ठोकताळा चालतो, की दर गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाण्याला, एक इंच मासा. हा ठोकताळा लहान, सडपातळ माशांपुरता कसाबसा उपयोगी आहे; मोठ्या माशांना तो लावणे धोक्याचे आहे. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या हिशेबात सारखे ठरतात. पण शरीराचा आकार तोच राहून लांबी दहापट झाली की वजन सुमारे हजारपट होते. म्हणजे दहा इंची एकच मासा एक इंची दहा माशांच्या जवळजवळ शंभरपट वजनाचा असतो. मोठ्या प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने काहीसा मंद असतो, त्यामुळे घाण शंभरपट होत नाही, पण ती वीस-पंचवीसपट होते हे नक्की. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर १२७ लिटर पाणी मावते; वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की ते शंभर-एकशे दहा लिटरच उरते. एवढ्या पाण्यात अर्ध्या किलोच्या वरचे तीन ऑस्कर ही कल्पनाच करू नये, पण ती प्रत्यक्षात पुष्कळ घरांत उतरलेली आहे.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही पदार्थ विषारी. नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि रक्त तपकिरी पडते. अमोनियाचा विखार पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि तापमानावर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की हाच हिस्सा पाच टक्क्यांवर जातो. आपल्या दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असते, म्हणजे इथे गर्दीची टाकी अधिकच घातक ठरते. त्यात उन्हाळा आला की दुसरी अडचण. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज तापमानासोबत वाढलेली असते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अशा दिवशी दुपारी चार तास वीज गेली, एअर पंप आणि फिल्टर दोन्ही थांबले, की दाटीवाटीच्या टाकीतले मोठे मासे सर्वांत आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वीज परत आली तरी ते सगळे जिवंत असतील याची खात्री नसते, आणि मासे कधीकधी दुसऱ्या दिवशी मरतात, तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर जाणकार छंदिष्टांचे एक उत्तर असते, आणि ते मला सहज बाजूला सारता येत नाही. ते म्हणतात की मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) किंवा सम्प (पाणी गाळण्यासाठी जोडलेली वेगळी टाकी) बसवला, आठवड्यातून दोनदा निम्मे पाणी बदलले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आणि नायट्रेट आटोक्यात ठेवले, तर जास्त मासे ठेवायला काय हरकत आहे? ते आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एम्बुना सिचलिड माशांचे उदाहरणही देतात. हे मासे आपापला प्रदेश राखणारे आणि भांडखोर असतात. मोजके ठेवले तर दांडगा मासा एखाद्या दुबळ्याला मरेपर्यंत छळतो, म्हणून ते मुद्दाम दाटीने ठेवतात, जेणेकरून आक्रमण एकावर न एकवटता विखुरते. ही पद्धत खरी आहे, अनुभवी लोक ती जबाबदारीने पाळतात, आणि तिला सरसकट क्रौर्य म्हणणे अन्यायाचे होईल. पण एम्बुना दहा-बारा सेंटीमीटरचे असतात आणि अशा टाक्या चार-पाच फुटांच्या असतात. त्यातल्या प्रत्येक माशाला वळता येते, पळता येते, दगडाच्या फटीत लपता येते. फिल्टर पाणी शुद्ध करतो, लांबी-रुंदी वाढवत नाही. तीन फुटी टाकीतल्या ५० सेंटीमीटरच्या माशाला कितीही निर्मळ पाणी दिले, तरी तो शेपटीच्या दोन झटक्यांत काचेशी पोहोचतो. पाण्याची प्रत आणि जगण्याची जागा या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एक भागवली म्हणून दुसरीची जबाबदारी संपत नाही. उलट उत्तम फिल्टरमुळे तो प्राणी त्या जागेत अधिक वर्षे जिवंत राहतो, एवढाच फरक पडतो.

ओळखीच्या एका घरी चार फूट लांब आणि सव्वा फूट रुंद टाकीत एक चंदेरी अरोवाना होता. घरातली माणसे प्राणिप्रेमी, पाणी स्वच्छ, खाद्य उत्तम. मासा सुमारे ५५ सेंटीमीटरचा झाला होता. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई, तिथे शरीराचा धनुष्यासारखा बाक करून वळे, आणि त्या वळणात त्याचा जबडा काचेला घासे. तिथे एक पांढरट घट्टा तयार झाला होता. घरच्यांना तो घट्टा दिसत होता, पण तो माशाच्या चेहऱ्याचाच भाग आहे असे त्यांनी मानले होते. मी हे त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. रोज पाहिलेली गोष्ट हळूहळू नैसर्गिक वाटू लागते, आणि मोठ्या माशांच्या बाबतीत नेमके हेच सर्वांत जास्त घडते. तो ओरडत नाही, लंगडत नाही, दाराशी बसून राहत नाही. तो खातो. खाणारा मासा सुखी आहे असा आपण अर्थ काढतो, पण अरोवाना, ऑस्कर किंवा कॅटफिश यांसारखे शिकारी मासे अत्यंत वाईट परिस्थितीतही खातच राहतात, त्यामुळे भूक हा त्यांच्या स्वास्थ्याचा पुरावा होऊ शकत नाही.

माशांना दुःख होते का, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच, आणि तो विचारायलाही हवा. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांवर केलेल्या कामातून त्यांच्या डोक्यावर आणि ओठांभोवती वेदनाकारक उद्दीपनाला प्रतिसाद देणारे चेतातंतू असल्याचे दिसले. ओठात अॅसिटिक आम्ल टोचलेले मासे खाणे टाळत, श्वासाची गती वाढलेली राही, आणि काही मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत. वेदनाशामक दिल्यावर या वर्तनात घट झाली. माशांच्या मेंदूत सस्तन प्राण्यांसारखे निओकॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) नसल्याने त्यांना जाणिवेच्या पातळीवर वेदना होत नाही, असे मानणारेही शास्त्रज्ञ आहेत, आणि वाद मिटलेला नाही. पण हा वाद मिटेपर्यंत आपण कोणत्या बाजूला चूक करायची, हे ठरवणे आपल्या हातात आहे. मासा भोगतो असे धरून वागलो आणि ते चुकीचे निघाले, तर आपण एका शोभेच्या वस्तूला मुकलेलो असू. भोगत नाही असे धरून वागलो आणि ते चुकीचे निघाले, तर दहा-दहा वर्षे एका प्राण्याला वळताही येणार नाही अशा जागेत आपण ठेवलेले असेल. या दोन चुकांचे वजन सारखे नाही.

आपल्या समाजात मोठ्या माशांच्या गर्दीला आणखी एक कारण आहे, आणि ते टाळून हा विषय पुरा होत नाही. वास्तू आणि फेंगशुई यांच्या नावाखाली अरोवाना संपत्ती आणतो असे सांगितले जाते, आणि आठ सोनेरी-लाल आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवावेत असाही सल्ला दिला जातो. नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत, म्हणजे सुमारे ५५ लिटर पाण्यात, ठेवले तर त्यांतले बहुतेक काही महिन्यांत मरतात. मग घरावर येणारे संकट माशाने आपल्या अंगावर घेतले, असे समजून त्याच्या जागी नवा आणला जातो. इथे अमोनियाने झालेला मृत्यू पुण्यकर्म ठरतो, आणि जे चुकले ते दुरुस्त करण्याची वाटच बंद होते. कोणाच्या श्रद्धेचा अवमान करण्याची माझी इच्छा नाही. पण आपल्याच मातीत श्रद्धेने मासे राखण्याची एक वेगळी रीत आहे, ती मला इथे आठवते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर देवीचे मानले जातात, त्यांना कोणी धरत नाही, आणि लोक त्यांना खाऊ घालतात. हातभर लांबीचे मासे वाहत्या पाण्यात, आपल्या मर्जीने जवळ येतात आणि आपल्या मर्जीने खोल निघून जातात. मोठा मासा पाहण्याचा आनंद आणि त्याच्याविषयीचा आदर ज्याला हवा आहे, त्याने एकदा तिथे जाऊन यावे.

कायद्याचे काय, असे विचारले तर उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या केंद्रीय अधिनियमात 'प्राणी' याची व्याख्या मनुष्येतर कोणताही सजीव प्राणी अशी आहे. तीत मासेही येतात. त्याच्या कलम ११ मध्ये, हालचालीला वाजवी वाव मिळेल एवढी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणे हे क्रौर्य ठरवलेले आहे. पात्र हा उल्लेख स्पष्ट आहे, आणि एक फूट रुंदीच्या टाकीतला दीड फुटी मासा या वर्णनात तंतोतंत बसतो. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, कित्येक दशकांपूर्वी ठरलेला. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले होते. गोल भांड्यात मासे ठेवण्याला त्यात मनाई होती. व्यवसायातून मोठा विरोध झाला आणि ते नियम मागे घेतले गेले. त्या नियमांत समुद्री माशांपासून खेकड्यांपर्यंत कितीतरी गोष्टी एकत्र बांधल्या होत्या आणि छोट्या दुकानदारांना ते पेलणारे नव्हते, हे मान्य करूनही मला वाटते की निदान टाकीचे किमान माप आणि प्रौढ माशाची लांबी दुकानात लिहिण्याची सक्ती, एवढा भाग टिकायला हवा होता. आशियाई अरोवाना ही जात साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी करणे मालकाला बंधनकारक झाले आहे. ही नोंदणी मालकीची होते. टाकी केवढी आहे हे तिथे कोणी मोजत नाही.

मासा टाकीत मावेनासा झाला की पुढे काय होते, हा या विषयाचा सर्वांत दुखरा भाग. दुकानदार परत घेत नाही, किंवा घेतो आणि तितक्याच लहान टाकीत ठेवतो. सार्वजनिक मत्स्यालयांकडे अशा माशांसाठी जागा नसते. ब्रिटनमध्ये तर रेडटेल कॅटफिश, पंगस, पाकू यांसारखे मासे आणून देणाऱ्यांची रीघ लागल्यावर तिथल्या मत्स्यालयांनी मिळून 'बिग फिश कॅम्पेन' नावाची मोहीम चालवली आणि हे मासे विकूच नका, असे दुकानांना सांगितले. मग दयाळू मालक मासा जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडतो, आणि आपण त्याला मोकळे केले असे समजतो. त्या 'मोकळे करण्या'चे परिणाम आपल्यासमोर आहेत. २०१८ च्या केरळातल्या महापुरानंतर चालकुडी नदीत दक्षिण अमेरिकेतले अरापैमा सापडले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार मिळाला, जो उत्तर अमेरिकेतला दोन मीटरच्या वर वाढणारा शिकारी मासा आहे. आपल्याकडे उजनीच्या जलाशयात सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागल्याच्या बातम्या येतच असतात. त्याच्या परांचे कठीण काटे जाळी फाडतात आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. गावाकडच्या मित्राच्या शेततळ्यात सोडतो, असेही अनेकजण सांगतात. पावसाळ्यात शेततळे भरून वाहिले की पाणी ओढ्यात जाते आणि ओढा नदीला मिळतो. ज्या माणसाने एका माशाचे भले चिंतले, त्याच्या हातून नदीतल्या शेकडो देशी माशांचे वाईट होते, आणि ज्यांचे पोट त्या माशांवर आहे त्यांचेही.

म्हणून मोठ्या माशाविषयीचा नैतिक निर्णय घेण्याची खरी वेळ एकच आहे, ती म्हणजे पिल्लू विकत घेण्याआधीची. त्यानंतर उरतात त्या सगळ्या कमी-अधिक वाईट वाटा. 'पुढे मोठी टाकी घेईन' हे वचन मी फार वेळा ऐकले आहे, म्हणून त्याचा हिशेबही मांडतो. चंदेरी अरोवानाला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी हे मला किमान वाटते. तिच्यात साधारण ८५० लिटर, म्हणजे ८५० किलो पाणी मावते. काच, वाळू आणि स्टँड धरले तर वजन एक टनाच्या पुढे. ही टाकी जेमतेम १.४ चौरस मीटर जागेवर उभी राहते. घरगुती खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरलेला असतो. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे वचन पाळायचे, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे लागेल, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर नकाराचे असेल. ज्याला ही टाकी घरात आजच उभी करता येत नाही, त्याने ते तीन इंची पिल्लू घेऊ नये. रेडटेल कॅटफिश, पंगस, पाकू आणि अॅलिगेटर गार यांना घरात योग्य होईल अशी टाकीच नाही. ते विकले जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे असे मासे आधीच आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगता येतात. आधी गर्दी कमी करावी. तीन ऑस्करऐवजी एक राहिला तरी त्या एकाचे आयुष्य लगेच सुधारते. नवी टाकी घेताना लांबीपेक्षा आधी रुंदी मागावी. दोन फूट रुंदीची टाकी बनवून मिळते, फक्त ती सांगून करून घ्यावी लागते. अंगण असेल तर सिमेंटचा पक्का हौद, वर जाळी आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला गाळणी, ही कोई किंवा मोठ्या गोल्डफिशसाठी चांगली सोय आहे. मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या छंदिष्टाला मासा देताना त्याची टाकी स्वतः जाऊन पाहावी. आणि यातले काहीच शक्य नसेल, मासा जखमी आणि विकृत झाला असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने लवंग तेलाचा वापर करून त्याला वेदनारहित मृत्यू देणे हे त्याला नदीत सोडण्यापेक्षा अधिक जबाबदारीचे आहे. हे लिहिताना मला जड जाते, पण न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तीन फुटी टाकी ही काही कमीपणाची गोष्ट नाही. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती, गोगलगायी आणि अवघे दोन गोल्डफिश एका भांड्यात ठेवून त्यांचा समतोल कसा राखला जातो हे पाहिले, आणि घरगुती मत्स्यालयाची कल्पना अशाच प्रयोगांतून रुजली. तिच्या मुळाशी समतोल होता. शंभर लिटर पाण्यात झेब्रा दानिओंची डझनभर झुंड, जी आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतली आहे आणि जेमतेम चार-पाच सेंटीमीटरची होते, दिवसभर पळापळ करते, जागा राखते, अंडी घालते. मूळ उत्तर भारतातला रोझी बार्बही अशा टाकीत लहान झुंडीने आनंदात राहतो. देशी मासा आहे एवढ्यावर मात्र खात्री धरू नये. 'मिस केरळ' म्हणून विकला जाणारा लाल पट्ट्याचा सुंदर मासा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वेगवान ओढ्यांतला आहे, शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी झालेल्या अतिरेकी पकडीने तो संकटग्रस्त झाला आहे, आणि दहा-बारा सेंटीमीटरच्या पुढे वाढून झुंडीने वेगात पोहणारा असल्याने तीन फुटी टाकीत त्यालाही जागा पुरत नाही. घ्यायचाच असेल तर मत्स्यशेतीत पैदास झालेला, आणि पाच फुटांची टाकी तयार झाल्यावरच घ्यावा.